संस्कार विकत मिळतील काय?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या उपनगरांतील वसाहतींच्या फाटकांवर संस्कारवर्गांच्या पाट्या लागू लागतात. श्लोक, स्तोत्रे, योगासने व सद्वर्तन ही सर्व थोड्या दिवसांत मुलांस शिकवून देण्याचे आश्वासन त्यांवर असते, आणि आईबापही शुल्क भरून मुलांस तेथे हौसेने धाडतात. त्यांचा हेतू चांगला आहे याविषयी आम्हांस शंका नाही. सकाळच्या लोकलने गेलेला बाप दिवेलागणीनंतर घरी येतो. पुष्कळ घरांत आईचीही तीच स्थिती. दुकानदाराचा दिवस तर दुकान बंद होईपर्यंत सरतच नाही. तेव्हा जे आपल्या हातून होत नाही ते दुसऱ्या कोणी तरी करावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मुलाचे अंतःकरण वाढविण्याचे काम कपडे शिवावयास टाकावे तसे दुसऱ्याकडे टाकता येते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही. या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ग्रंथात शोधण्यापेक्षा महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका चरित्रात शोधावे हे बरे. ते चरित्र पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी यांचे होय.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. आजोबांच्या काळी संपन्न असलेले हे घर वडिलांच्या, म्हणजे सदाशिवरावांच्या, काळी भाऊबंदकीने व कर्जाने खालावत गेले. मुलाच्या डोळ्यांदेखत घरात दारिद्र्य शिरले. म्हणजे ज्याला आपण अनुकूल परिस्थिती म्हणतो, ती या मुलाच्या वाट्यास आली नाही. त्याच्या वाट्यास आली ती त्याची आई यशोदाबाई. ती विदुषी नव्हती. मुलांस बसवून तिने कधी वेदान्त सांगितला असेल असे दिसत नाही. घरकाम, व्रतवैकल्ये, सणवार आणि सावकाराची चिंता यांतच तिचा दिवस जाई. असे असता तिच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने पुढे साऱ्या महाराष्ट्राला रडविले व जागेही केले. हे कसे घडले, हाच आपल्या विचाराचा विषय आहे.

गुरुजींनी आईच्या आठवणी लिहिल्या त्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात, नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या थोड्या दिवसांत. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. हे पुस्तक वाचून डोळे पुसणारे वाचक लाखोंनी निघतील. परंतु त्यात आई मुलास काय करावयास लावते, याची यादी करून पाहणारा वाचक विरळा. ती यादी करून पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. तीत मोठे असे काहीच नाही.

न्हाऊ घातलेला मुलगा ओले तळवे मातीत टेकावयास तयार नसतो. आई आपले लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते, तळवे टिपू देते, आणि पायांस घाण लागू नये म्हणून जेवढा जपतोस तेवढेच मनालाही जप, एवढे सुचवून कामास लागते. देवपूजेसाठी न उमललेल्या कळ्या खुडून आणणाऱ्या मुलास ती फुलाला झाडावर उमलू द्यावे हे शिकविते. भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते, तेव्हा बाप ती आळणी भाजी मुकाट्याने, नव्हे आवडीने, खातो, आणि स्वतः पानावर बसेपर्यंत आईला आपली चूक कळतही नाही. मुलांना त्या दिवशी कोणी प्रवचन दिले नाही. रांधणाऱ्याच्या कष्टांचा मान राखावा ही गोष्ट मात्र त्यांच्या घासाबरोबर पोटात गेली. पत्रावळ नीट लावता आली पाहिजे, हा आग्रहही त्याच घरातला. कारण जे आपल्याला येत नाही ते शिकलेच पाहिजे, आणि हातांच्या कामात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, अशा लाडक्या, कोवळ्या संगोपनाने मुले भित्री होतात. त्यांनी पोहण्याची आठवण वाचावी. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलास याच आईने शिमटीचा मार देऊन विहिरीवर घालविले. गावातील इतर मुलांनी आपल्या मुलास भित्रा म्हणावे, हे तिला सहन झाले नाही. मुलगा पोहून घरी आल्यावर त्याच्या वळांना तेल लावणारीही तीच. मारावे असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. तो काळ गेला, आणि तो गेला हे योग्यच झाले. परंतु आत्म्याची वाढ म्हणजे नुसते डोळ्यांतील पाणी, असे या आईला वाटत नव्हते, एवढे यावरून सिद्ध होते. दया आणि धैर्य ही दोन्ही तिने एकाच हाताने वाढली.

आता या यादीतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती सांगतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एक म्हातारी मोळी उचलता न आल्याने रस्त्यात अडखळली असता आई मुलास पुढे करते आणि मोळी तिच्या डोक्यावर द्यावयास लावते. लोक नावे ठेवतील हे तिला ठाऊक आहे. त्या काळच्या रूढीप्रमाणे घरी येऊन स्नान करावयासही ती मुलास सांगते. येथे आजचा सुधारक वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. ते स्नान म्हणजे त्या आईच्या भोवतीची भिंत होय. ती भिंत तिला पाडता आली नाही. पण तिने तीत एक खिडकी पाडली आणि आपल्या मुलाचा हात त्या खिडकीतून बाहेर घातला. भिंत पाडण्याचे काम तिने नकळत मुलाकडे सोपविले. मुलाने ते किती इमानाने केले, हे पुढे दिसेल.

शिक्षणासाठी मुलगा घराबाहेर पडला. दापोलीची शाळा, औंध, मग पुणे. ठिकठिकाणी अर्धपोटी राहून त्याने विद्या मिळविली. १९१७ साली आई वारली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. अखेरची भेट झाली नाही, हे शल्य त्याच्या हृदयातून कधी निघाले नाही. परंतु आई गेली तरी आईने लावलेल्या सवयी गेल्या नाहीत; आणि आमच्या मते त्यांची खरी कसोटी येथूनच सुरू झाली. डोळ्यांसमोर आई असताना चांगले वागणे सोपे. ती नसताना हात आपोआप त्याच कामाकडे वळला, तर संस्कार झाला असे म्हणावयाचे.

एम. ए. होऊन गुरुजी खानदेशात अमळनेर येथे आले. काही काळ तेथील तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करून १९२४ साली ते तेथील शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तत्त्वज्ञानाचा पदवीधर आता मुलांच्या खोल्या झाडू लागला. मुले शाळेस गेली म्हणजे विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवावी, मळलेले कपडे धुऊन टाकावे, कंदिलाच्या काचा पुसाव्या, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी, आणि याविषयी कोणास काही बोलू नये, असा त्यांचा क्रम होता. पहिल्यांदा मुलांस गंमत वाटली, मग लाज वाटली, आणि अखेरीस मुले स्वतःच खोल्या झाडू लागली. शिस्तीचे नियम भिंतीवर टांगून जे साधत नाही, ते एका मनुष्याने मुकाट्याने हाती केरसुणी घेतल्याने साधले. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दिवसभर शिकवून, रात्री जागून, थोड्याशा मुलांसाठी रोज हाताने लिहून काढलेल्या त्या पत्राची कल्पना करून पाहावी. रोज या शब्दाचा अर्थ तेव्हा कळेल. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले.

१९३० साली देशाची हाक आली. गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सोबत्यांत असताना त्यांनी तमिळ भाषेचा अभ्यास केला. पुढे कुरल या तमिळ ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांच्या हातून झाले, आणि प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या या आंतरभारतीच्या स्वप्नाचे बीज तेथेच पडले. शेजाऱ्याला समजून घेण्याची जी सवय पालगडच्या आळीत लागली होती, तीच आता देशाएवढी झाली.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात एक विलक्षण योग आला. विनोबा भावे तेथे बंदी होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली, आणि ती शब्दशः टिपून घेतली ती साने गुरुजींनी. आज देशातील अनेक भाषांत वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ ती हीच. बोलणारा आणि लिहून घेणारा हे दोघेही कोकणच्या मातीतले, आणि दोघांच्याही मागे एकेक आई उभी होती. विनोबांचा जन्म १८९५ सालचा, कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावचा. त्यांच्या आईचा, रुक्मिणीबाईंचा, नियम असा की तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाने जेवावयास बसू नये. घरी फणस फोडला तर गरे प्रथम शेजारी पोचते व्हावयाचे, आणि ते पोचविण्याचे काम मुलांचे. गीतेतील निष्काम कर्म म्हणजे काय, हे सांगण्यासाठी पुढे त्या मुलास शब्दांची वाण पडली नाही. कारण त्याने ते भूक लागलेली असताना हातात तांब्या धरून शिकले होते.

१९३६ साली फैजपूर येथे खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, तेव्हा गुरुजी गावोगाव हिंडून प्रचार करीत, आणि हाती झाडू घेऊन गावे स्वच्छ करीत. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले, पकडले गेले, पुन्हा तुरुंगात गेले. आणि मग आला तो प्रसंग, ज्यासाठी पालगडच्या रस्त्यावरील ती मोळी आम्ही वाचकांस लक्षात ठेवावयास लावली.

पंढरपूरचा विठ्ठल हा महाराष्ट्राचा लोकदेव. पण त्याच्या दारातून अस्पृश्य मानलेल्या बांधवांस आत प्रवेश नव्हता. चोखोबांची पायरी बाहेर, आणि शतके लोटली तरी त्यांचे वंशजही बाहेर. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला, गावोगावची मंदिरे व विहिरी खुल्या करण्याचे आवाहन केले, आणि अखेरीस १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध कडवा होता, टिंगलही झाली. परंतु मे महिन्याच्या त्या उन्हात महाराष्ट्राचे मन पाघळले, मंदिराचे दार सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले, आणि उपोषण सुटले. मोळी उचलून देऊन स्नानास गेलेला मुलगा येथे त्या स्नानाचे कारणच नाहीसे करावयास बसला होता. आईने पाडलेल्या खिडकीचा त्याने दरवाजा केला. पंढरपूरच्या उपोषणाचे पहिले पाऊल कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही त्या मोळीकडे बोट दाखवू.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. पण गांधीजींच्या हत्येने आणि भोवतीच्या द्वेषाने त्यांचे मन फार खचले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. चरित्रे सांगताना ही गोष्ट बहुधा झाकून नेतात. आम्हांस ते बरे वाटत नाही. कारण आईबापांस येथेही शिकावयाचे आहे. दुसऱ्याचे दुःख वाहण्याची सवय ज्या मुलास लावावयाची, त्यास आपले दुःख दुसऱ्याजवळ उतरून ठेवण्याची सवयही लाविली पाहिजे. तुझे काय बिघडले आहे, हे आम्हांस सांग, आम्ही ऐकू, न रागावता ऐकू, असे आश्वासन मुलास रोज आपल्या वागण्यातून मिळाले पाहिजे. जे मन सर्वांसाठी झिजते त्यालाही टेकावयास खांदा लागतो. कोमलता वाढवावी आणि तिला आधार देऊ नये, हा अन्याय होय. गुरुजींचे थोरपण या शेवटाने कमी होत नाही. आमची जबाबदारी मात्र वाढते.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. गुरुजी गेले त्याच १९५० साली अंधेरी व घाटकोपर मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. १९५७ साली बोरिवली व मुलुंड आली. वाड्या, शेते व खाजणे जाऊन तेथे चाळी उठल्या, चाळी जाऊन मनोरे उठत आहेत. गुरुजी ज्या कोकणातून आले त्याच कोकणातून आलेली हजारो कुटुंबे येथे नांदतात, आणि त्यांच्या शेजारी गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारी कुटुंबे नांदतात. अंगण राहिले नाही, तुळस खिडकीच्या जाळीत आली. तेव्हा जुन्या आईच्या सवयी येथे कशा चालाव्या, अशी शंका निघेल. आमचे म्हणणे असे की, सवयीचे बाह्य रूप जाईल, तिचा गाभा कोठेही रुजतो.

जाळीतल्या तुळशीलाही पाणी लागते, आणि ते आपल्या न्याहारीच्या आधी घालणे मुलास जमते. आळणी भाजी आजही कधी तरी पानात पडते; त्या वेळी बाप कपाळाला आठी घालतो की मुकाट्याने जेवतो, इकडे मुलाचे लक्ष असते. शेजारच्या बिऱ्हाडात डबा पोचविणे, त्यांच्या भाषेतील चार शब्द शिकून त्यांच्या सणाला त्यांच्या दारी जाणे, ही घाटकोपर-मुलुंडच्या जिन्यातली आंतरभारतीच आहे. फाटकावरील रखवालदार, कचरा नेणारी बाई, पहाटे दूध टाकणारा मुलगा यांची नावे आपल्या मुलास ठाऊक आहेत काय? नसतील, तर त्याने कितीही स्तोत्रे पाठ केली तरी त्याची मोळी अजून रस्त्यातच पडली आहे असे समजावे. गृहसंकुलात उद्वाहन कोणी वापरावे, घरकामाच्या बाईने कोणत्या पेल्यातून पाणी प्यावे, असले भेद मूल ज्या घरात रोज पाहते, त्या घराने रविवारच्या संस्कारवर्गाचे शुल्क भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

व्यापारी बंधूंस एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. शाळेतून आलेला मुलगा घटकाभर दुकानात बसतो. गिऱ्हाइकाने चुकून जास्त दिलेली नोट बाप हाक मारून परत देतो की नाही, वजनाचा काटा स्थिर होईपर्यंत थांबतो की नाही, दुकानातील पोऱ्यास कोणत्या नावाने हाक मारतो, हे त्या मुलाच्या धर्मग्रंथाचे अध्याय आहेत. देव्हाऱ्यापुढील दिवा आणि गल्ल्यापुढील वर्तन यांत अंतर दिसले, तर मूल दिव्यावर विश्वास ठेवीत नाही.

आणि शेवटी रात्र. ‘श्यामची आई’ हे पुस्तक रात्रींत विभागलेले आहे. एकेका रात्री एकेक आठवण. यात योजनेची सोय असेल, परंतु आम्हांस त्यात एक सूचनाही दिसते. दिवसभराच्या धावपळीत मूल आईबापांचे नसते, शाळेचे व शिकवणीचे असते. रात्रीचा पाव तास मात्र त्याचा हक्काचा आहे. तो पाव तास मोबाइल दूर ठेवून त्यास द्यावा, एक गोष्ट सांगावी, एक ऐकून घ्यावी, आणि आज कोणाला दुखविले, कोणाला मदत केली, हे दोघांनीही बोलावे. दोघांनीही, हे महत्त्वाचे. कारण ज्या घरात जाब फक्त मुलानेच द्यावयाचा असतो, तेथे मूल लवकरच खोटे बोलावयास शिकते.

संस्कारवर्ग असावेत, तेथे मुले चार चांगल्या गोष्टी ऐकतील. पण वर्गात बी मिळते, माती घरची लागते. यशोदाबाईंपाशी पैसा नव्हता, विद्या नव्हती, निवांतपणाही नव्हता. त्यांच्यापाशी होता तो रोजचा दिवस, आणि तो त्यांनी वाया घालविला नाही. तेवढे भांडवल आपल्या उपनगरांतील गरिबातल्या गरीब बिऱ्हाडातही आहे. ते आज रात्रीपासून कामास लावावे, एवढीच आमची आमच्या वाचकांस विनंती आहे.